यातली माझी एकही नाही

आजारी माणसाला पाहायला येणारे लोक आमच्याकडे एक खेळ खेळतात. खाटेशी येतात, वाकतात, आपलं तोंड त्याच्या तोंडापुढे धरतात आणि मोठ्याने विचारतात, "वळखलं का भाऊ? सांगा बरं, मी कोन?" नाव सांगितलं तर बक्षीस दिल्यासारखे हसतात. नाही सांगितलं तर त्याच्या बायकोकडे वळून म्हणतात, "गेलं वाटते डोस्कं."

या लोकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो घालवायची मला घाईही नाही. पण त्यांच्यापेक्षा जास्त राग मला ज्याचा येतो, तो माणूस मी आहे, आणि हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

सिंदेवाहीत माझा फोटो स्टुडिओ होता. बोलणं माझ्या वाट्याला कमी आलं. "हनुवटी खाली, इकडे पाहा, हलू नका," एवढ्यावर माझा धंदा चालायचा आणि घरही जवळपास तेवढ्यावरच. मनातलं सांगायची वेळ आली की मी लेन्स पुसायला घेतो, असं सुनंदा म्हणते. सुनंदा म्हणजे माझी बायको. आजारपणातही मी लेन्सच पुसत बसलो. त्या न सांगण्याने जे झालं, ते आजारापेक्षा वाईट होतं.

मेंदूत ताप शिरून परत आलेल्या कुणाला आपल्याच माणसांची तोंडं परकी वाटत असतील, आणि लोक वेडा म्हणतील या भीतीने तो ओळखल्याचं सोंग करत असेल, तर त्याने हे वाचावं. त्याच्या घरच्यांनी त्याच्याआधी वाचावं.

कडू रक्त

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मतदारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम निघालं होतं. मुलचेऱ्याच्या पलीकडची जंगलातली काही गावं मी घेतली. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर, पुढे लाकडी स्टूल, आणि स्टुलासमोर अख्खं गाव रांगेत. म्हाताऱ्या बाया कॅमेरा वर केला की डोळे मिटून घ्यायच्या. पोरं हसून हसून लोळायची. दिवसभर मी चेहरेच पाहिले. गंमत म्हणजे तेव्हा एकदा पाहिलेला माणूस मी विसरत नसे. कामाचा माझा एकच अभिमान होता आणि तो हाच.

मुक्काम शाळेच्या ओसरीत. गावच्या कोतवालाने घरची मच्छरदाणी आणून दिली. म्हणाला, "घ्या जी, फोटोवाले भाऊ. इथला मच्छर बरा नाई."

मी म्हटलं, "मले नाई चावत मच्छर. माझं रक्त कडू हाय."

सगळे हसले. मीही हसलो. मच्छरदाणी उशाला घेतली, आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपलो. मूर्खपणाला काही मोठं निमित्त लागत नाही, एवढंच यावरून मी शिकलो.

घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला. गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत बरं वाटलं तशा उरलेल्या गोळ्या तशाच खिशात राहिल्या. पुढचं मला आठवत नाही. सुनंदा सांगते की मी स्टुडिओतल्या पडद्याशी भांडत होतो, मग जीभ चावली, मग गप्प झालो. जीपमध्ये आडवं टाकून मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा मलेरिया. वाचले तर नशीब.

वाचलो.

नक्कल करून पास

शुद्ध आली तेव्हा तोंडात पेजेचा चमचा होता. चमचा धरलेली बाई हिरव्या लुगड्यात होती. मी तिच्याकडे पाहिलं. कुंकू, दोन डोळे, नाक, ओठ, सगळं जागच्या जागी होतं. वाटलं, कुणी भली बाई असेल, शेजारच्या पेशंटची. लोक असतात चांगले.

"आनखी एक घास घ्या ना जी," ती म्हणाली, आणि तो आवाज सुनंदाचा होता.

मी पुन्हा पाहिलं. आवाज सुनंदाचा, तोंड कुणाचंही. जणू कुणीतरी तिच्या गळ्यातून बोलत होतं. माझ्या अंगाला घाम सुटला. ती म्हणाली, "ताप उतरून राह्यला वाटते," आणि पदराने माझं कपाळ पुसलं. मी डोळे मिटून घेतले. त्या वेळी मी ओरडलो असतो तर बरं झालं असतं.

सकाळी राउंड आला. पांढरे कोट, मागे शिकाऊ पोरं. मोठ्या डॉक्टरांनी बोटं दाखवली. हे किती? तुमचं नाव? गाव? मग सुनंदाकडे हात केला, "आणि या कोण?"

आता खाटेच्या पायथ्याशी रडून डोळे सुजवून बसलेली बाई दुसरी कोण असणार? मी म्हटलं, "बायको."

"फर्स्ट क्लास!" डॉक्टर म्हणाले. "मेंदू शाबूत आहे. डिस्चार्जचं बघा."

कसली परीक्षा घेतली त्यांनी? मला ओळखता येतं का, की अंदाज बांधता येतो? शेजारच्या खाटेजवळच्या बाईकडे बोट दाखवून "ही तुमची बायको का" एवढं जरी विचारलं असतं तरी माझी लबाडी तिथेच उघडी पडली असती. पण खरं सांगायचं तर मीही त्यांना अडवलं नाही. शाळेत नक्कल करून पास होणारं पोरगं जसं मान खाली घालून निकाल घेतं, तसा मी तो निकाल घेतला आणि घरी आलो.

त्या वॉर्डात एकच माणूस मला सोपं होतं. फरशी पुसायला येणारी बाई दारातूनच ओरडायची, "मी कमला आली वो, पाय वर घ्या!" तिला सवयच होती तशी. तिला कधी कळलंही नसेल की तिच्या त्या ओरडण्याची मी वाट पाहायचो. दिवसभरात तेवढं एकच माणूस नाव घेऊन समोर यायचं.

धानाचा ढीग

लोकांना वाटतं, चेहरे धूसर दिसत असतील. नाही. मला अगदी स्पष्ट दिसायचं. उजेड कुठल्या गालावर पडला आहे, नाक किंचित डावीकडे आहे, एक भुवई वर चढते आहे, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं असतं. फक्त त्या सगळ्याचा मिळून माणूस होत नव्हता. धानाच्या ढिगातून कुणी एक दाणा उचलून विचारावं, "हा कालचाच ना?" तसं. दाणा दिसतो हो. कालचा कसा म्हणू?

मग मी युक्त्या शिकलो. सुनंदा म्हणजे हिरवं किंवा निळं लुगडं आणि पायातल्या जोडव्यांचा आवाज. शेजारचा फ्रेमवाला रहीमभाई म्हणजे लंगडी चाल आणि खैनीचा वास. माझी मुलगी मंजू तेव्हा तिसरीत होती. मंजू म्हणजे फ्रॉक. सकाळी सुनंदा तिला कोणता फ्रॉक घालते ते मी पाहून ठेवायचो आणि दिवसभर त्या फ्रॉकवर प्रेम करायचो. असं लिहिताना लाज वाटते. पण होतं ते तसंच होतं.

दाढी करताना आरशातल्या माणसाच्या गालावर वस्तरा फिरवायचा माझा हात थांबायचा. दुसऱ्याचा गाल कापला तर?

गिऱ्हाइकं चिडायची. "कालच तर तुमीच काढला फोटो, आन आज नाव इचारता?" मी चष्म्यावर ढकलायचो. भाऊबंद म्हणायचे, मरता मरता वाचला तर मिजास आली. रस्त्यात दिसला तरी बोलत नाही. एकाने सुनंदाला सांगितलं की बाहेरचं असेल, पुजाऱ्याला दाखवा. तिने मला विचारलं, "अवो, तुमाले काई होते का? तुमी माह्याकडं असे पाहता, जसं बसमधल्या बाईकडं पाहावं."

किती नेमकं बोलली ती! आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "अशक्तपना हाय." आणि लेन्स पुसायला घेतली.

फोटोग्राफरला चेहरे कळत नाहीत, हे गावात पसरलं तर कोण येणार होतं माझ्या स्टुलावर बसायला? हे कारण मी स्वतःला द्यायचो. ते अर्धंच खरं होतं. मला त्या गोष्टीची शरम वाटत होती, हे उरलेलं अर्धं. आजाराची शरम. असल्या शरमेने माणसाचं काय काय खाऊन टाकलं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही म्हणून ती इतकी माजते.

मार्कंड्याला

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत मी दरवर्षी तंबू लावायचो. मागे हिमालयाचा रंगवलेला पडदा, पुढे पुठ्ठ्याचा नंदी. लोक वैनगंगेत आंघोळ करून, देवाला जाऊन येत आणि ओल्या केसांनी फोटो काढत. पत्ता लिहून घ्यायचा आणि फोटो मागाहून टपालाने पाठवायचा. शेजारी रहीमभाईचं शंकर-पार्वतीच्या फ्रेमांचं दुकान, आणि त्यांची बायको जुबेदाभाभी गल्ल्यावर. कित्येक वर्षं आमची दुकानं अशी लागून असायची.

त्या वर्षी सुनंदा नको म्हणाली. "तब्येत पाहा आपली. गर्दीत काऊन जाता?"

मी तिच्यावर ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, म्हणून ती गप्प बसली. मंजूने हट्ट धरला होता, तिला पाळण्यात बसायचं होतं. मी तिला नेलं. लाल फ्रॉक, पांढरी कॉलर. मी नीट पाहून ठेवलं होतं.

सकाळी पडद्यापुढे तिचा पहिला फोटो काढला, भवानी म्हणून. मग गिऱ्हाइकांची रीघ लागली. मध्ये कधीतरी तिच्या अंगावर बर्फगोळ्याचा रंग सांडला. जुबेदाभाभीने फ्रॉक धुऊन तंबूच्या दोरीवर मागच्या बाजूला टाकला, आणि समोरच्या दुकानातून एक पिवळा फ्रॉक घेऊन तिला घातला. मला हाक मारून दाखवलंही म्हणे. माझं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली होतं, मी आतूनच "हो हो" म्हटलं.

थोड्या वेळाने मंजू दिसेना.

मी धावलो. लाल शोधत धावलो. जत्रेत लाल किती असतं, हे त्या दिवशी कळलं. शेवटी देवळाबाहेर जिथे हरवलेली पोरं आणून बसवतात तिथे पोचलो. लाउडस्पीकरवाल्याला सांगितलं, लाल फ्रॉक, नाव मंजू. त्याने पुकारा केला. सतरंजीवर पोरं बसली होती, काही रडत, काही चणे खात. हवालदार म्हणाला, "पाहून घ्या बरं. ते पिवळी पोरगी तं नावच सांगून नाई राह्यली."

मी एकेक चेहरा पाहिला. पिवळ्या फ्रॉकवालीकडेही पाहिलं. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे एकटक पाहत होती. मला वाटलं, बिचारी प्रत्येक माणसाकडे अशीच पाहत असेल.

"हाय का यात तुमची?" हवालदाराने विचारलं.

मी म्हटलं, "नाई. यातली माझी एकही नाही."

आणि मी पाठ फिरवली.

तेवढ्यात रहीमभाई लंगडत आले. "अरे यार, कुठी चालला? ही काय बसली मंजू!" त्यांनी तिला उचललं. मी वळून हात पुढे केले. तिने रहीमभाईंच्या मानेत तोंड लपवलं. अंग असं ताठ, जसं लाकूड.

हवालदार चिडला. "काय गा, बाप हायेस का कोन? सोताची पोरगी वळखत नाई?"

भोवती माणसं जमली होती. तोंडंच तोंडं, एकही ओळखीचं नाही. तिथे मी खरं सांगू शकलो असतो. पण मी हसलो आणि म्हणालो, "वळखली ना. मुद्दाम तसं मनलं. न सांगता गेलती, जराशी अद्दल घडवली."

लोक हसले. हवालदारसुद्धा हसला. "बरोबर हाय. पोरीले धाक पाहिजे."

मंजूने ते ऐकलं.

ताप माझ्या हातात नव्हता. तिला न ओळखणंही माझ्या हातात नव्हतं. हे वाक्य मात्र माझं आहे. त्यात मलेरियाचा काही दोष नाही.

चिमट्याला उलटा

त्यानंतर मंजू माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढलं की आईजवळ सरकायची. सुनंदाला रहीमभाईंकडून सगळं कळलं होतं. ती एकदाच बोलली, "असा कोनता बाप करते वो?" मग तीही गप्प. घरात तीन माणसं आणि तिघंही मुकी. मला ती शिक्षा योग्य वाटत होती आणि तरी मी चिडायचो. माझ्यावर, तिच्यावर, शिजलेल्या भातावर.

जत्रेचे फोटो धुवायला घेतले. ओले फोटो मी दोरीला चिमट्याने टांगत होतो, हाताला येतील तसे, काही सरळ, काही उलटे. टांगून झाल्यावर सहज वर पाहिलं.

दोरीवर मंजू होती.

फोटो उलटा टांगला होता. खाली केस, वर हनुवटी. उजव्या भुवईत पडलेली खाच, दुसऱ्यावर चढलेला एक दात, नाकपुडीखालचा तीळ. माझी पोरगी. त्या तापानंतर पहिल्यांदाच एखादं तोंड माझ्याशी बोललं. मी फोटो काढून सरळ धरला. गेली. फ्रॉक घातलेली कुणीतरी मुलगी. उलटा केला. आली. मी वेड्यासारखा तो कागद फिरवत राहिलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या, डाग बुजवताना ती उलटी लावायची. चंद्रपूरला ज्यांच्याकडे मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे, सरळ चेहरा लावला की तुम्ही माणूस पाहत बसता, डाग दिसत नाही. अर्ध्या आयुष्याची ही सवय. त्या सवयीमुळे हे झालं की तापामुळे, मला आजही सांगता येत नाही.

मी रहीमभाईंना आत बोलावलं. ओळखीच्या लोकांचे जुने फोटो काढले आणि उलटे धरून विचारलं, हा कोण? ते अडखळले. आपल्याच साल्याला तलाठी म्हणाले. मी मात्र एकापाठोपाठ एक, दमाने, भुवई-नाक-ओठ बघत सांगत गेलो. मग सरळ धरले. आता ते धडाधड सांगत होते आणि मी गप्प.

रहीमभाई म्हणाले, "अबे, तू तर पुरा चमगादड झाला! उलटं लटकवलं तुले, का मंग दिसते."

मी हसलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तेव्हा सगळं सांगितलं. दवाखाना, फ्रॉक, सतरंजी.

त्यांनी खैनी मळायला घेतली. मग त्यांचा आवाज बदलला. "म्हंजे जत्रेत तुले दिसलीच नव्हती ती. आन तू मनला, मुद्दाम केलं." ते उठले. "सुनंदाभाभीले तू सांगतो का मी सांगू? आजच. यार, मले तुह्या बिमारीचा गुस्सा नाई. मले तुह्या तोंडाचा गुस्सा हाय."

गिळणं आणि चावणं

सुनंदाने सगळं ऐकून घेतलं. तिने आजाराबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाली, "इतके दिवस मी तुमाले परकी दिसत होती, आन तुमी माह्या हातचं जेवत होते?" मग थोड्या वेळाने, "मले काय सांगता. जिले सांगाचं तिले सांगा."

पण आधी ती मला नागपूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा माझं नीट ऐकलं. त्यांनी एक फोटो उलटा दाखवला. सुनंदा म्हणाली, "चांगली बाई हाय." मी म्हटलं, डोळे आणि ओठ कापून फिरवून चिकटवले आहेत. डॉक्टरबाईंनी तो सरळ केला तशी सुनंदा "अगं माय!" म्हणून मागे सरकली. भुतासारखं तोंड होतं. उलटं असताना तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. कुणालाच दिसत नाही म्हणे.

त्या म्हणाल्या, "आपण चेहरा वाचत नाही, एका घासात गिळतो. उलटा केला की गिळता येत नाही, एकेक तुकडा चावावा लागतो, म्हणून लोक अडखळतात. तुमचं गिळणं गेलंय, चावणं शाबूत आहे. सरळ चेहरा आला की तुमचा मेंदू अजून गिळायला जातो आणि ठसका लागतो. उलट्याच्या वाटेला तो जातच नाही."

"बरं होईल?" सुनंदाने विचारलं.

"थोडंफार. सगळं नाही."

मला त्यांचा राग आला नाही. जे होतं ते त्यांनी सांगितलं.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याला "ओळखलं का" विचारू नका. जवळ जाऊन आपलं नाव सांगा, रोज सांगा, कंटाळा आला तरी सांगा. त्याला फोटो दाखवून परीक्षा घेऊ नका. आणि तुम्हीच तो असाल तर घरातल्या सगळ्यात लहान माणसाला सगळ्यात आधी सांगा. मोठी माणसं तुमच्या न ओळखण्याला मिजास समजतात. लहान पोर समजतं की आपण नको आहोत.

मंजू

ती शाळेतून आली होती. सुनंदाने तिला अंगणातल्या खाटेजवळ उभं केलं आणि स्वतः आत गेली.

मी सांगितलं. लेन्स पुसली नाही, हात बांधून बसलो. तापाचं सांगितलं, तोंडं हरवल्याचं सांगितलं, सतरंजीवर मला ती दिसली पण ओळखू आली नाही हे सांगितलं.

ती दप्तराचा बंद पिळत होती. "मी मुद्दाम नाव नाई सांगतलं पोलिसाले," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी येऊन सांगान."

"हो, बेटा."

"तुमी मनलं, माझी एकही नाई."

"हो."

"वळखू नाई आली, तं मंग मुद्दाम केलं असं काऊन सांगतलं? खोटं काऊन बोलले?"

"लाज वाटली मले."

"कोनाची? माही?"

"नाई गं. माझी."

"मंग मले काऊन भोगाले लावलं?" ती एकदम ओरडली. आतला भांड्यांचा आवाज थांबला. "मी रोज पाह्यत होती तुमाले. मले वाटे, आता सांगान, आता सांगान. तुमी काईच नाई मनलं!"

  मी भलतंच बोललो. म्हणालो, "मंजू, उलटं असलं की मले वळखू येते. तू या खाटीवर लेट, डोकं खाली सोड. मले एकदा पाहू दे तुले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणजे पाहत असावी. मला दोन डोळे दिसत होते, आणि त्यात काय होतं ते कळत नव्हतं.

"मी काऊन उलटी होऊ?" ती म्हणाली. "मी काय केलं? तुमीच व्हा उलटे."

मी उठलो. धोतराचा सोगा खोचला, खाटेवर पाठीवर पडलो, सरकत सरकत खांदे कडेशी आणले आणि डोकं खाली सोडलं. अंगण वर गेलं, आभाळ खाली आलं. कुंपणाबाहेर कुणीतरी थांबलं असावं. हसल्याचा आवाज आला. हसू दे.

मंजू पुढे येऊन उभी राहिली. हनुवटी वर, कपाळ खाली. भुवईतली खाच. चढलेला दात. तीळ. तिच्या डोळ्यांतून पाणी निघून गालांवरून वर चढत होतं.

"तू मंजू," मी म्हटलं.

"कशावरून?"

"उजव्या भुवईत खाच हाय. हातपंपावर पडली होती तवाची."

"आनखी?"

"एक दात दुसऱ्यावर बसला हाय."

"आनखी?"

डोक्यात रक्त साचत होतं, कान घणघणत होते. सुनंदा दारात येऊन म्हणाली, "पुरे झालं, उठा आता, चक्कर यीन." मंजूने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिने मला माफ केलं, असं मी इथे लिहिणार नाही. ते लिहिणारा मी कोण? ती माझ्या तोंडावर आणखी थोडी वाकली, एवढंच.

"आनखी सांगा," ती म्हणाली.